तिसऱ्या वळणावरचे साळवेसाहेब

साळवेसाहेब रिक्षात बसण्याआधी रिक्षाचं इंजिन ऐकत. हात दाखवून रिक्षा थांबवायची आणि मग बसायचं सोडून फुटपाथवर मान तिरकी करून उभं राहायचं. नव्या रिक्षावाल्याला वाटे, गिऱ्हाईक कुठं जायचं तेच विसरलंय. मग साहेब म्हणायचे, "प्लग बघून घ्या एकदा," आणि आत बसायचे. संत तुकाराम नगरच्या नाक्यावरच्या जुन्या रिक्षावाल्यांना ही सवय पाठ झाली होती. साहेब कोपऱ्यावर दिसले की ते स्वतःच रेस देऊन दाखवायचे, आणि साहेबांनी मान डोलावली की दिवस चांगला जाणार असं समजायचे.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. माझं मेडिकलचं दुकान आहे, पण मला लोक ओळखतात ते आवाजावरून. गणपती मंडळांचे कार्यक्रम, कबड्डीचे सामने, रक्तदान शिबिरं, जिथं माइक आहे तिथं मला बोलावतात. साळवेसाहेब एका रविवारी सकाळी जिना चढून वर आले आणि म्हणाले, "चाकणला आमच्या गाड्यांच्या रेसा असतात. बोलायला माणूस हवाय. गाड्यांतलं काही कळत नसलं तरी चालेल, कळणारे तिथं जास्तच आहेत." मी गेलो, आणि मग जातच राहिलो. क्लबचा मी सभासद कधीच झालो नाही. त्यामुळे तिथं माझ्याकडे माइक होता, पण मत नव्हतं.

साहेब चाकणच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनाच्या कॉम्प्युटरवर काम करायचे. कोणत्या वेळी इंजिनानं काय करायचं, ते ठरवून त्या डब्यात भरायचं. कुणी विचारलं तर सांगत, "मी इंजिनाला वागायला शिकवतो." त्यांच्या पत्नी, मंदाताई, चहाचा कप पुढं करता करता म्हणत, "तेवढं इंजिनच ऐकतं यांचं." साहेबांचे वडील पिंपरीच्या कारखान्यात लेथवर होते. हात काळे केल्याशिवाय यंत्र कळत नाही, असं त्या माणसाचं ठाम मत, आणि पोराचं सगळं काम लॅपटॉपवर. त्यामुळे साहेब घरी आल्यावर आधी हात धुवायचे. हात स्वच्छच असत, तरी धुवायचे.

आमचा क्लब म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या लोकांचा. कुणाचं भोसरीत पत्रा दाबून पार्ट काढायचं प्रेस शॉप, कुणी कंपनीच्या क्वालिटी खात्यात, कुणी गॅरेजवाला. रविवारी मात्र स्वतःची गाडी पळवायची. सगळ्यांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, जुन्या आणि छोट्या. मुरमाच्या मैदानावर टायर रचून वळणं केलेली. साहेब तिथले तपासनीस. रेसच्या सकाळी प्रत्येक गाडी त्यांच्यासमोर यायची, आणि पोरं एरवी बापाचं ऐकत नसतील तेवढं त्यांचं ऐकायची.

मला गाडीचा कॉम्प्युटर समजावून सांगताना त्यांनी मैदानावरच्या टपरीतले दोन चमचे घेतले होते. आता ऍक्सिलरेटर दाबला की तार ओढली जात नाही, ते म्हणाले. पेडलखाली दोन साक्षीदार बसलेत. पाय किती दाबलाय हे दोघंही कॉम्प्युटरला वेगवेगळं सांगतात. दोघांचं जुळलं तर इंजिन पळतं. जुळलं नाही तर कॉम्प्युटरला संशय येतो आणि तो इंजिन पार मंद करून टाकतो. मग तुम्ही गाडी हळूहळू घरी न्यायची. एवढं सांगून त्यांनी दोन्ही चमचे चहात घातले आणि कप माझ्याकडे सरकवला.

घरी न्यायला हे ठीक होतं, रेसमध्ये मात्र फार जाचायचं. मैदानावर धूळ, खड्डे, हादरे. साक्षीदारांचं क्षणभर बिनसायचं आणि पहिल्या नंबरावरची गाडी ऐन वळणावर मुंगीच्या चालीनं चालायला लागायची. त्याला आमच्याकडे 'गाडी रुसली' म्हणत. गाडी रुसली की तिसऱ्या वळणावरचे बबनराव झेंडा काखेत मारून तिच्यापाशी जायचे, टोपी काढून तिला वारा घालायचे आणि आतल्या ड्रायव्हरला शिव्या द्यायचे. लोक हसून बेजार व्हायचे. मी माइकवरून म्हणायचो, "बबनरावांनी नवरीची समजूत काढायला घेतली आहे." एकदा बबनराव साहेबांना म्हणाले, "साहेब, लई रुसत्यात ह्या. आमच्या बैलाचा बी येवढा मान ठेवला न्हाई आमी."

बबनराव काळोखे मैदानाच्या शेजारचे शेतकरी. मुळात भांडायला आले होते. गाड्यांची धूळ त्यांच्या झेंडूवर बसायची. हातात काठी घेऊन आलेल्या या माणसाला साहेबांनी चहा पाजला, तिसऱ्या वळणाजवळच्या उंचवट्यावर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, एक रेस बघा, मग भांडू. बबनरावांनी ती बघितली आणि पुढची बघायलाही थांबले. नंतर त्यांनी पिवळा झेंडाच हातात घेतला. पुढं गाडी अडली की तो हलवून मागच्यांना सावध करायचं काम. तिसऱ्या वळणावरून त्यांना रेसही दिसायची आणि झेंडूही दिसायचा. ती जागा त्यांना साहेबांनीच दिली होती.

गाड्या रुसण्याला वैतागून सभासदांनी साहेबांना गाठलं, आणि साहेबांनी क्लबच्या वार्षिक सभेत प्रस्ताव मांडला की इंजिनाचा कॉम्प्युटर खुला करावा. ज्याला त्यात जे बदलायचं ते त्यानं बदलावं. कंपनीनं घातलेला संशय रस्त्यासाठी आहे, तो रेससाठी नाही, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या, हात वर झाले, आणि नियमाला लोकांनी कौतुकानं 'साळवे नियम' असं नाव दिलं. पुढच्या रविवारपासून गाड्या साहेबांपुढे रांगेत लागल्या. बॉनेटवर लॅपटॉप ठेवून ते एकेका गाडीतली साक्षीदारांची ती तपासणी बंद करायचे. ब्रेक दाबताच इंजिन आपोआप मंद पडायची सोय होती, तीही बंद करायचे, कारण मातीवर वळताना पोरांचे दोन्ही पाय एकदम लागतात. याला 'रुसवा काढणं' म्हणत. रुसवा निघालेल्या गाडीचा मालक साहेबांच्या हातावर पेढा ठेवायचा. साहेबांना गोड वर्ज्य होतं, तरी तो पेढा ते खायचे. त्या दिवसांतले साळवेसाहेब मला फार आवडायचे.

मग तो रविवार आला. विक्रांत नावाचा पोरगा पहिला होता, चांगला चालवणारा, स्वभावानं थंड. तिसऱ्या वळणाशी त्यानं पाय उचलला, पण इंजिनाचा आवाज उतरला नाही. मला गाड्यांतलं कळत नाही, पण आवाजातलं कळतं. सगळ्या गाड्यांचा आवाज त्या ठिकाणी खाली यायचा, हिचा चढतच गेला. गाडी टायरांच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे पडली. पलीकडे बबनराव होते. मी तेव्हा माइकवर त्यांच्याच नव्या टोपीबद्दल काहीतरी बोलत होतो. ते वाक्य अर्धंच राहिलं. चाकणच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत बबनराव गेले होते.

विक्रांत एकच सांगत राहिला, "मी पाय उचलला होता." लोक त्याच्या पाठीवर हात ठेवत आणि आपापसात म्हणत, घाबरलं पोरगं, पाय अडकला असेल. साहेब गाडीपाशी गेले, पेडलजवळ हात घातला आणि एक वायर बाहेर ओढली. हादऱ्यांनी घासून तिचं वरचं आवरण गेलं होतं. तिनं कॉम्प्युटरला सांगितलं होतं की पाय अजून पूर्ण दाबलेला आहे. दुसऱ्या साक्षीदारानं खरं सांगितलं असणार, पण त्याचं ऐकायचं आम्ही बंद केलेलं होतं. साहेब ती वायर बोटांत धरून तिथंच मातीत बसले. त्यांना उठवायला दोघं लागले.

दहावा-तेरावा झाल्यावर साहेब बबनरावांच्या घरी गेले, तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. ओसरीवर बबनरावांची पत्नी, हिराबाई, बसल्या होत्या. साहेब खाली सतरंजीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत, काही न लपवता. गाडीत एक राखणदार होता, तो मी काढून टाकला होता, असं म्हणाले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. हिराबाईंनी पदर नीट केला.

"तुमी सांगाया तरी आला. बाकी कुनी न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "पर साहेब, माज्या मानसाला तितं उबं कुनी केलं, त्येवढं सांगा."

"मीच केलं," साहेब म्हणाले.

आतून कुणीतरी चहा आणून ठेवला. तो कुणी प्यायलं नाही.

त्या वर्षीची सभा कासारवाडीच्या एका हॉलमध्ये झाली. साहेबांचा प्रस्ताव असा: साळवे नियम रद्द करावा. प्रत्येकानं कंपनीतून आला तसाच कॉम्प्युटर वापरावा. आणि रेसच्या सकाळी सगळ्यांचे कॉम्प्युटरचे डबे एका क्रेटमध्ये टाकून चिठ्ठ्या काढाव्यात, ज्याला जो येईल तो त्यानं बसवावा. जो डबा आपल्याच वाट्याला येईल याचा भरवसा नाही, त्यात हात घालायला कोण जाईल? पोरांनी शंका काढल्या. डबा बदलला की चावी कशी चालेल, गाडी सुरू कशी होईल. साहेबांकडे सगळ्याची उत्तरं होती. अध्यक्ष देशमाने, भोसरीत प्रेस शॉप चालवणारे, मनानं वाईट नसलेले गृहस्थ, मऊ आवाजात म्हणाले की साहेब, वायर घासली म्हणून हे घडलं, आपण वायरिंगची तपासणी कडक करू.

"वायर घासली हे खरं," साहेब म्हणाले. "वायरी घासतातच. म्हणून तर दोन साक्षीदार असतात. त्या दिवशी कॉम्प्युटरला संशय यायला हवा होता. त्याचा संशय मी काढून घेतला होता."

मी मागच्या खुर्चीवर बसून सगळ्यांचे चेहरे बघत होतो. हे लोक साहेबांवर जीव टाकणारे होते. पण साहेबांचं बरोबर म्हटलं तर बबनरावांचा मृत्यू क्लबच्या नियमानं झाला असं म्हणावं लागणार, आणि त्या नियमाला ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते सगळे समोरच बसले होते. शिवाय खुल्या कॉम्प्युटरनं गाड्या जोरात पळू लागल्या होत्या, ते सुख कुणाला सोडायचं नव्हतं. हात वर करायला सांगितलं तेव्हा एकच हात वर झाला.

साहेबांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. मग तिसऱ्या वळणावर इथून पुढं मी उभा राहीन. ज्याला आपल्या गाडीचा भरवसा आहे, त्यानं खुशाल पळवावी." मग ते चहाला न थांबता निघून गेले. लोकांना वाटलं, रागाच्या भरात बोलले.

पुढच्या रेसला ते खरोखरच तिथं होते. पांढरा शर्ट, ऑफिसचे बूट, हातात बबनरावांचा पिवळा झेंडा, टायरांच्या मागे बबनराव उभे राहायचे बरोबर त्याच ठिकाणी. सकाळी गाड्या तपासायच्या आणि रेस सुरू झाली की मैदान ओलांडून तिकडं जायचं. टायरांची भिंत वाढवली होती, पण साहेबांनी ती जागा सोडली नाही. दर वर्षी सभेत तोच प्रस्ताव, तोच एक हात, आणि मग वर्षभर ते वळण. या काळात ते निवृत्त झाले, केस पांढरे झाले, एक गुडघा गेला. कुबडीसारखी घडीची खुर्ची घेऊन जायचे, पण गाड्या सुटल्या की उठून उभे राहायचे.

पोरांना हे अवघड जायचं. ट्रॉफी जिंकलेला एक ड्रायव्हर मला म्हणाला होता, "राव, सरळ पट्टीवरून साहेब दिसायला लागतात ना, पाय आपोआप निघतो. सेकंद जातो माझा तिथं." काही जण नौटंकी म्हणायचे. एकानं मला सांगितलं की माइकवरून त्यांना हटवा. मी म्हटलं, तू जाऊन सांग. तो गेला नाही. मला स्वतःला त्यांचा राग यायचा. माणूस इतका हट्टी असू नये, असं वाटायचं. प्रत्येक लॅपला गाडी त्या वळणाशी आली की माझं बोलणं थांबायचं, आणि समोरच्या गर्दीला वाटायचं की माइक बिघडलाय.

मंदाताई एकदा दुकानात आल्या. गोळ्या घेतल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, तुमचं ऐकतील, त्यांना सांगा, आता पुरे झालं. मी त्याच दिवशी जिन्यात साहेबांना थांबवून सांगितलं.

"मंदाला म्हणावं, तिथं उभा राहतो म्हणून मला घरी झोप लागते," ते म्हणाले.

नियम शेवटी बदलला, पण भलत्याच कारणानं. बाहेरून एक टीम आली. त्यांच्याकडे महागडा कॉम्प्युटर, तो चालवायला स्वतंत्र माणूस. सगळ्या रेसा तेच जिंकायला लागले. आमच्या पोरांना पहिल्यांदा खुला नियम टोचला. एका संध्याकाळी देशमाने स्वतः साहेबांच्या घरी आले. मी तिथंच होतो. ते म्हणाले, साहेब, तुमचा तो चिठ्ठीचा प्रस्ताव यंदा द्या, सगळे हात वर करतील, सगळ्यांना सारखी संधी मिळाली पाहिजे.

साहेब म्हणाले, नियमाच्या वर एक ओळ घाला. बबन काळोखे गेले म्हणून हा नियम आहे.

देशमान्यांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, त्यानं उगाच जुनं निघेल. नियम होतोय ना? तुम्हाला तेच हवं होतं."

मी त्या वेळी साहेबांकडे बघितलं. त्यांचा हात पँटवर पुन्हा पुन्हा घासला जात होता, काही लागलं असावं तसा. "होऊ द्या," ते म्हणाले. "ओळ नसली तरी चालेल. नियम आधी होऊ द्या." सभेत सगळे हात वर झाले, टाळ्या पडल्या, आणि नव्या नियमालाही लोकांनी साळवे नियम असंच नाव दिलं. जुना त्याच नावाचा होता हे कुणी बोललं नाही. बबनरावांचं नाव सभेत एकदाही निघालं नाही. मला त्या टाळ्यांची किळस आली, हे मी स्पष्टच सांगतो.

नव्या नियमाची पहिली रेस ही साहेबांची मैदानावरची शेवटची रेस. त्यानंतर लवकरच ते मुलीकडे नाशिकला गेले आणि तिकडेच वारले. त्या सकाळी क्रेटमधून डबे वाटले गेले. चिठ्ठ्या मी माइकवरून वाचल्या. सगळे मजेत होते. साहेबांनी क्रेट रिकामं झाल्यावर उलटं करून झटकलं आणि झेंडा उचलून तिसऱ्या वळणाकडे निघाले. देशमाने म्हणाले, अहो, आता कशाला? साहेबांना ते ऐकू गेलं नसावं.

रेस मध्यावर आली होती. पहिल्या नंबरावरची गाडी सरळ पट्टीवरून जोरात तिसऱ्या वळणाकडे आली. पट्टीवरच्या खड्ड्यात ती आदळली आणि तिचा आवाज एकदम खाली बसला. गाडी रुसली होती. वेग गळत गळत ती वळणावर आली, आणि टायरांच्या अलीकडे, साहेबांसमोर, अलगद थांबली. गर्दी हसली. जुने लोक टाळ्या वाजवायला लागले, कारण किती वर्षांत मैदानावर गाडी रुसलेली कुणी पाहिली नव्हती. मी माइक खाली ठेवला आणि मैदानाच्या कडेनं धावत तिकडे गेलो.

साहेबांनी मागच्या गाड्यांना झेंडा दाखवून घेतला होता. मागच्या गाड्या निघून गेल्यावर ते टायर ओलांडून गाडीपाशी आले, बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. आतला ड्रायव्हर चिडून स्टिअरिंगवर थापा मारत होता. मी जवळ गेलो तेव्हा साहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

"बघितलंत?" ते म्हणाले. "त्या दिवशी एवढंच झालं असतं. गाडी रुसली असती, आणि बबननं टोपी काढून तिला वारा घातला असता."

मग ते मागे गेले, झेंडा काखेत मारला, आणि दुखऱ्या गुडघ्यानं वाकून ती गाडी ट्रॅकच्या बाहेर ढकलू लागले.